'काढणे' : एका शब्दाची अनेक कामे



मी शाळामास्तर. जालना जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत मी छत्तीस वर्षे काढली. शेवटी शेवटी मुख्याध्यापक होतो. आता निवृत्त झालो आहे. संध्याकाळी मोठ्या माणसांच्या वर्गाला येऊन बसतो.

आता मी काय म्हणालो ते पाहा. 'छत्तीस वर्षे काढली.' ही वर्षे मी कुठून काढली? विहिरीतून काढली, की खिशातून? कुठूनच नाही. वर्षे काढली म्हणजे वर्षे घालवली. हे तुम्हाला कोणी शिकवले नाही. तरी तुम्हाला ते कळते.

मग हा धडा कशाला, असे तुम्ही म्हणाल. त्याचे कारण ऐका.

एके दिवशी वर्गात फळ्यावर मी एक वाक्य लिहिले. 'आबांनी कर्ज काढले.' मागच्या रांगेतल्या एका आबांनी ते एकेक अक्षर लावून वाचले. मग ते म्हणाले, "गुर्जी, काटा काढला की काटा जातो. तण काढलं की तण जातं. मग कर्ज काढलं की ते डोक्यावर येतं कसं?"

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. पण आबांचा प्रश्न खरा होता. बोलताना आपण चुकत नाही, कारण बोलणारा समोर असतो. समजले नाही तर "काय म्हणालास?" असे विचारता येते. कागदाला तसे विचारता येत नाही. कागदावर जे लिहिले असेल तेच खरे धरले जाते. म्हणून आज आपण हा एकच शब्द नीट पाहू या.

१. शेतात आणि घरात

सकाळी उठल्यापासून मोजा. बाई अंगणात सडा टाकते आणि रांगोळी काढते. गोठ्यातले शेण काढते. गडी म्हशीची धार काढतो. पोरगा विहिरीतून पाणी काढतो. मग सगळे रानात जातात. तिथे तण काढतात. उसाला सरी काढतात. पीक पिकले की सोयाबीन काढतात, ज्वारी काढतात. त्या कामालाच काढणी म्हणतात. कापूस मात्र कोणी काढत नाही. कापूस वेचतात. प्रत्येक पिकाचा आपला शब्द असतो. तो शब्द शेतकऱ्यालाच नेमका ठाऊक असतो.

घरी आल्यावर माणूस चपला बाहेर काढतो. सदरा काढून खुंटीला लावतो. लेकराच्या पायातला काटा काढतो. म्हातारी लेकराची दृष्ट काढते. दुपारी कोणी घटकाभर झोप काढतो.

या सगळ्यांत मूळ अर्थ एकच आहे. आतली वस्तू बाहेर आणणे, किंवा एका जागची वस्तू तिथून हलवणे. पाणी विहिरीत होते, ते वर आले. काटा पायात होता, तो बाहेर आला. इथपर्यंत सोपे आहे.

२. नव्हते ते होते, आणि होते ते जाते

आता थोडे अवघड पाहू. ही दोन वाक्ये वाचा.

आम्ही विहीर काढली.
आम्ही बाग काढली.

शब्द तोच. पण पहिल्या वाक्यात नवी विहीर झाली. आधी तिथे नुसती जमीन होती. दुसऱ्या वाक्यात होती ती बाग गेली.

आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगावे लागत नाही. जालन्याची मोसंबी प्रसिद्ध आहे. तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण २०१२-१३ च्या दुष्काळात विहिरी आटल्या. लोकांनी टँकरचे विकत पाणी घालून झाडे जगवायचा प्रयत्न केला. पुष्कळांना ते जमले नाही. लेकरासारखी वाढवलेली झाडे वाळून गेली. मग ती तोडावी लागली. 'औंदा बाग काढली' एवढेच शेतकरी म्हणतो. त्या तीन शब्दांत त्याची दहा-बारा वर्षांची मेहनत गेलेली असते.

म्हणजे 'काढणे' या शब्दाने नवे उभे राहते, आणि उभे असलेले जातेही. नवे उभे करण्याची आणखी उदाहरणे पाहा.

जोतिबा आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. बाळशास्त्री जांभेकर यांनी १८३२ साली मुंबईत 'दर्पण' नावाचे वर्तमानपत्र काढले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२० साली 'मूकनायक' हे पत्र काढले. आपल्या जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली बियाण्यांची कंपनी काढली.

या सगळ्या वाक्यांत काढणे म्हणजे सुरू करणे. आता उलट वाक्य पाहा. 'मास्तरांनी मुलाला शाळेतून काढले.' इथे मुलगा शाळेतून गेला. 'शाळा काढली' आणि 'शाळेतून काढले'. फरक कशाने पडला? 'तून' या एवढ्याशा अक्षरांनी. ही 'तून' ध्यानात ठेवा. पुढे तिचे मोठे काम आहे.

३. दिवस काढणे

१९७२ साली मोठा दुष्काळ पडला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. जालना हा वेगळा जिल्हा तेव्हा नव्हता. तो १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी आपला बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता.

त्या साली आमचे आई-बाप खडी फोडायला जात. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी मिळे. लेकरांना सुकडी मिळे. बाप पुढे नेहमी म्हणायचा, "बहात्तरचा दुष्काळ आम्ही काढला." इथे काढणे म्हणजे सोसून पार पडणे. घालवणे आणि सोसणे या दोन्ही गोष्टी त्यात येतात.

माणूस आजारात दिवस काढतो. सुगी यायची असते तोवर बाई म्हणते, "थोडी कळ काढा." म्हणजे थोडे सोसा, दम धरा. पण 'कळ लावणे' म्हणजे भांडण लावून देणे. शब्द बदलला की सगळेच बदलते.

मनाचे व्यवहारही याच शब्दाने चालतात. रडणाऱ्याची समजूत काढतात. दूर गेलेल्याची आठवण काढतात. एकाचा राग दुसऱ्यावर काढतात. शेजारी एकमेकांची उणीदुणी काढतात. पोरे खोडी काढतात आणि मग पळ काढतात. यात हाताने काही बाहेर निघत नाही. तरी आतले काहीतरी बाहेर येतेच.

४. शब्दाच्या शेपट्या

आपल्या मराठीची एक गंमत आहे. एका क्रियेच्या मागे दुसरी छोटी क्रिया शेपटीसारखी जोडतात. शेपटी बदलली की अर्थ वळतो. ही चार वाक्ये वाचा.

भावाने पैसे काढून दिले.
भावाने पैसे काढून घेतले.
भावाने पैसे काढून ठेवले.
भावाने त्याला कामावरून काढून टाकले.

पहिल्या वाक्यात पैसे तुमच्याकडे आले. दुसऱ्यात पैसे त्याच्याकडे गेले. तिसऱ्यात ते बाजूला सुरक्षित राहिले. चौथ्यात माणूस कायमचा बाहेर गेला. 'काढून' चारही ठिकाणी तेच आहे. खरी गोष्ट शेवटच्या शब्दात आहे. 'दे' म्हणजे दुसऱ्याकडे गेले. 'घे' म्हणजे आपल्याकडे ओढले. 'ठेव' म्हणजे पुढच्यासाठी राखले. 'टाक' म्हणजे कायमचे संपवले.

म्हणून वाचताना वाक्य अर्ध्यावर सोडू नका. मराठी वाक्याची चावी बहुधा शेवटच्या शब्दात असते.

कधी 'काढणे' स्वतःच शेपटी होते. अशा वेळी त्याचा अर्थ 'पुरते करणे' असा होतो. भिंत सारवून काढली म्हणजे कोपरेसुद्धा सारवले. हरवलेले वासरू शोधून काढले म्हणजे ते सापडेपर्यंत शोधले. शिवार पिंजून काढले म्हणजे एकही बांध सोडला नाही. पुस्तक वाचून काढले म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. आणि गेलेले नुकसान भरून काढले म्हणजे पडलेला खड्डा पुरता बुजवला.

तुम्हीही हा धडा वाचून काढा. अर्ध्यावर ठेवू नका.

५. इंग्रजांचीही हीच तऱ्हा

तुमची नातवंडे शाळेत इंग्रजी शिकतात. त्यांना विचारून पाहा. इंग्रजीत 'टेक' म्हणजे घेणे. त्याच्यामागे 'आउट' असा छोटा शब्द जोडला की तो होतो 'टेक आउट', म्हणजे बाहेर काढणे. दात काढायचा असेल तरी टेक आउट. बँकेतून पैसे काढायचे असतील तरी टेक आउट. आणि आबांनी ऐकावे, इंग्रज कर्जसुद्धा टेक आउटच करतो! म्हणजे कर्ज 'काढणारे' आपण एकटे नाही.

'आउट'च्या जागी 'ऑफ' जोडले तर 'टेक ऑफ' होते. ते अंगावरचे काढण्यासाठी. चप्पल, टोपी, सदरा. पण विमान जमिनीवरून उडाले तरी त्याला 'टेक ऑफ'च म्हणतात. इंग्रजी शिकणारी पोरे इथेच अडखळतात. ती घोकतात आणि कंटाळतात. त्यांना तुम्ही सांगू शकता, "बाळा, आमचं काढून देणं आणि काढून घेणं तसंच हे आहे. शेपटी बघ, म्हणजे अर्थ सापडेल."

मोल्सवर्थ नावाच्या एका इंग्रजाने मराठी शिकून १८३१ साली मराठी शब्दांचा मोठा इंग्रजी कोश काढला. साहेबाला कोश लागला. तुम्ही ही भाषा आईच्या मांडीवर शिकलात. हे धन लहान समजू नका.

६. पैसे काढणे आणि कर्ज काढणे

आता कामाच्या गोष्टीकडे येऊ.

बँकेत दोन प्रकारचे कागद असतात. एक पैसे भरण्याचा, दुसरा पैसे काढण्याचा. भरणे म्हणजे खात्यात घालणे. काढणे म्हणजे खात्यातून घेणे. आपल्या वर्गातल्या एक मावशी पहिल्यांदाच एकट्या बँकेत गेल्या. त्यांनी भरण्याच्या कागदावर रक्कम लिहिली आणि पैशाची वाट पाहत उभ्या राहिल्या. साहेबांनी कागद परत दिला. मावशी शरमल्या नाहीत. त्यांनी वरची ओळ वाचली, 'भरणा' हा शब्द ओळखला आणि दुसरा कागद मागून घेतला. मी म्हणतो, त्या दिवशी त्या खऱ्या साक्षर झाल्या.

आता गावोगाव अंगठ्याचे यंत्र आले आहे. यंत्रावर बोट ठेवले की खात्यातून पैसे निघतात. कधी समोरचा म्हणतो, "निघाले नाहीत, पुन्हा बोट ठेवा." बहुतेक वेळा ते खरेही असते. पण पुन्हा बोट ठेवण्याआधी पावती मागा. पावतीवर दोन आकडे पाहा. काढलेली रक्कम आणि शिल्लक रक्कम. शिल्लक कमी झाली असेल तर पैसे निघाले आहेत. मग ते तुमच्या हातात आले पाहिजेत.

आता आबांचा प्रश्न. कर्ज काढले की ते डोक्यावर कसे येते? याचे उत्तर असे. कर्ज काढतो तेव्हा आपण दुसऱ्याच्या पेटीतून पैसा बाहेर काढतो. पेटी दुसऱ्याची, म्हणून तो परत करावा लागतो. पैसा बाहेर येतो आणि देणे आपल्या नावावर बसते. ते जाते तेव्हा 'काढले' म्हणत नाहीत, 'फेडले' म्हणतात.

जमिनीवर कर्ज काढले की सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा चढतो. कर्ज फेडले की बोजा आपोआप उतरला, असे धरून बसू नका. बँकेकडून कर्ज फिटल्याचा दाखला घ्या. तो दाखला देऊन बोजा कमी करून घ्या. मग नवा उतारा काढून स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. पुष्कळ शेतकऱ्यांचे कर्ज फिटलेले असते, पण बोजा तसाच राहिलेला असतो. पोरीचे लग्न काढले, दुसऱ्या कर्जाची गरज पडली, की मग ते कळते.

हिशेबातला 'काढणे' आणखी निराळा. दुकानदार म्हणतो, "मी तुमची बाकी काढली." म्हणजे बाकी संपवली असे नाही. बाकी किती ते मोजून पाहिले. मग तो म्हणतो, "तुमच्याकडे पाचशे निघतात." म्हणजे पाचशे तुम्ही द्यायचे आहेत. इथे चूक झाली तर खिशाला बसते.

७. नाव काढणे

आता या धड्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. 'नाव काढणे' याचे किती अर्थ होतात ते पाहा.

एक. 'पोराने बापाचे नाव काढले.' म्हणजे कीर्ती मिळवली. वर मी बारवाले यांचे नाव घेतले. बियाण्यांच्या कामासाठी १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्यांनी जालन्याचे नाव काढले.

दोन. 'त्याचे नाव काढू नको.' म्हणजे त्याचा विषय बोलू नको.

तीन. 'हातावर नाव काढले.' म्हणजे नाव गोंदले. कागदावर, पाटीवर, भिंतीवर नाव काढले म्हणजे नाव लिहिले.

चार. 'यादीतून नाव काढले.' म्हणजे नाव खोडले, कमी केले. इथे पुन्हा ती 'तून' आली.

या तिसऱ्या आणि चौथ्या अर्थात आमच्या घरात काय झाले, ते सांगतो. गोष्ट आमच्या घरची आहे आणि त्यात दोष माझाही आहे.

१९७७ साल. मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. घरातला पहिला शिकलेला मी. त्या वर्षी आजोबा वारले. त्यांच्या जमिनीवर वारसांची नावे लागली. माझा बाप, चुलता आणि आत्या. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीलाही बापाच्या मिळकतीत वाटा मिळाला होता, म्हणून आत्याचे नाव लागले. आत्या दुधनेकाठच्या एका गावी दिलेली होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हते.

दिवाळीला ती माहेरी आली. घरातल्या एका वडीलधाऱ्याने मला एक कागद लिहायला लावला. मी लिहिले, 'सदर जमिनीवरील माझे नाव कमी करण्यास माझी हरकत नाही.' अक्षर मी मोठे सुरेख काढले होते. सगळ्यांनी वाखाणले.

आत्याने विचारले, "काय लिव्हलं रे बाळा?"

मी बोलायच्या आत कोणीतरी म्हणाले, "काही नाही अक्का, कागदावर तुझं नाव काढायचंय."

आत्याचे तोंड फुलले. ती म्हणाली, "मह्या बापाच्या जमिनीवर महं नाव काढता? काढा बाबांनो, काढा." तिने पदर सावरला आणि शाईत अंगठा बुडवला.

तिला वाटले, हातावर गोंदतात तसे कागदावर आपले नाव लिहिणार. मला दोन्ही अर्थ ठाऊक होते. तिला कोणता अर्थ वाटला, तेही माझ्या लक्षात आले. मी गप्प बसलो. मोठ्यांपुढे बोलायचे नाही, असे वळण होते. आणि मला भीतीही वाटली.

पुढे सात-आठ वर्षांनी आत्याचा नवरा वारला. हातात काही उरले नाही. तेव्हा ती उतारा काढायला चावडीत गेली. तिथे कोणीतरी तिला वाचून दाखवले. तिच्या नावाला कंस केलेला होता. सातबाऱ्यावर कमी केलेले नाव पुसत नसत, त्याला कंस करीत. आता नव्या संगणकाच्या उताऱ्यावर अशा नावावर आडवी रेघ मारलेली असते. नाव दिसते, पण हक्क गेलेला असतो.

ती आमच्या घरी आली. भांडली नाही. माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाली, "बाळा, तू तर मॅट्रिक होतास ना?"

तोवर ती जमीन विकली गेली होती. मला नोकरी होती. ती जिवंत असेपर्यंत मी तिला थोडे थोडे पैसे देत गेलो. पण मदत वेगळी आणि हक्क वेगळा. मदत घेताना ती मान खाली घालत असे. हक्काचे असते तर तिला मान खाली घालावी लागली नसती. ते नुकसान मी भरून काढू शकलो नाही.

बहिणीने राजीखुशीने भावासाठी हक्क सोडला, तर तो तिचा अधिकार आहे. त्यात वाईट काही नाही. पण तिने तो समजून सोडला पाहिजे. न समजता घेतलेल्या अंगठ्याला राजीखुशी म्हणता येत नाही. आणि वाचणाऱ्याने समोर बसून गप्प राहणे, हेही एक प्रकारचे खोटे बोलणेच आहे.

२००५ साली कायदा आणखी सुधारला. आता वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे.

८. कागदावरचे शब्द ओळखा

सरकारी कागदावर 'नाव काढणे' असे क्वचितच लिहितात. तिथले शब्द वेगळे असतात. ते पाठ करा.

नाव लावणे, नोंद घेणे : नाव चढले.
नाव कमी करणे, नाव वगळणे : नाव गेले.
हक्क सोडणे, हक्कसोडपत्र : आपला वाटा दुसऱ्यासाठी सोडला.
बोजा चढवणे : कर्ज नोंदले.
बोजा कमी करणे : कर्जाची नोंद गेली.
लिहून देणार : जो विकतो किंवा हक्क सोडतो तो.
लिहून घेणार : ज्याला जमीन किंवा हक्क मिळतो तो.

शेवटचे दोन शब्द पाहा. इथेही शेपटीचेच काम आहे. देणार की घेणार? तुमचे नाव 'लिहून देणार' याच्यापुढे असेल, तर तुमच्याकडून काहीतरी जाणार आहे. तिथे थांबा आणि विचारा.

वाटा सोडायचा असेल तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावे लागते. जमिनीच्या नोंदीत बदल झाला की फेरफार होतो. त्याची नोटीस संबंधितांना येते. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा नामंजूर करतात. म्हणून अशी नोटीस घरी आली तर ती आढ्याला खोचून ठेवू नका. त्याच दिवशी वाचून काढा.

सही किंवा अंगठा करण्याआधी चार गोष्टी करा.

पहिली. कागद स्वतः वाचा. हळू वाचलात तरी चालेल. लोक खोळंबले तर खोळंबू द्या.

दुसरी. वाक्याचा शेवटचा शब्द पाहा. दिले की घेतले? लावले की कमी केले?

तिसरी. न समजणाऱ्या शब्दाखाली रेघ काढा आणि त्याचा अर्थ दोन वेगळ्या माणसांना विचारा. ज्याचा फायदा होणार आहे, त्या एकट्याला विचारू नका.

चौथी. कागदाची नक्कल मागून घ्या आणि घरी जपून काढून ठेवा.

आणि घरातल्या शिकलेल्या पोरांना माझे एक सांगणे आहे. आई, आत्या, आजी यांना कागद वाचून दाखवाल तेव्हा पुरता दाखवा. एका शब्दाचे दोन अर्थ होत असतील तर दोन्ही सांगा. मोठी माणसे रागावली तरी सांगा.

आबांनी परवा मला वहीत लिहून दाखवले. 'मी कर्ज काढले. मी कर्ज फेडले. मी बोजा कमी करून घेतला.' तीनही वाक्ये बिनचूक होती. अक्षर थोडे वाकडे निघाले होते. मी त्यांना म्हणालो, "आबा, अक्षराचं जाऊ द्या. तुम्ही या वर्गाचं नाव काढलंत."

ते हसून म्हणाले, "गुर्जी, यादीतून न्हाई ना?"

अभ्यास

१. खालील वाक्यांचा अर्थ आपल्या शब्दांत सांगा.
(अ) आम्ही गावात वाचनालय काढले.
(आ) त्यांना समितीतून काढले.
(इ) आईने सणासाठी पैसे काढून ठेवले.
(ई) दुकानदाराने माझ्याकडे दोनशे काढले.

२. 'देणे, घेणे, ठेवणे, टाकणे' या शेपट्या 'लिहून' या शब्दाला जोडा. चार वाक्ये तयार करा. कोणत्या वाक्यात तुमचे काही जाते ते सांगा.

३. आपल्या घरचा सातबारा आणा. त्यातली नावे मोठ्याने वाचा. कंस केलेले किंवा रेघ मारलेले नाव असेल तर ते का कमी झाले, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा.

४. तुमच्या घरात 'काढणे' हा शब्द आणखी कशाकशासाठी वापरतात? दहा उदाहरणे वहीत लिहा. म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्यांच्याजवळ आपल्यापेक्षा जास्त शब्द असतात.